अपेक्षाभंगाचा इतिहास : 'ड्यून' कादंबरीमालिका आणि तिचा वाचक

१

दीर्घकाळ चालणाऱ्या कादंबरीमालिकेशी वाचकाचा जो संबंध जडतो, तो सुट्या कादंबरीशी जडणाऱ्या संबंधाहून मूलतः वेगळा असतो. सुटी कादंबरी वाचून संपते. ती आवडो वा न आवडो, व्यवहार तेथे पुरा होतो. मालिकेत तो पुरा होत नाही. एक खंड मिटल्यावर वाचक पुढच्या खंडाची वाट पाहू लागतो आणि या वाट पाहण्याच्या काळात तो स्वतःच्या मनात एक पुढचा खंड रचीत असतो. काही वर्षांनी जे पुस्तक प्रत्यक्ष हाती येते, त्याला या मनातल्या पुस्तकाशी सामना द्यावा लागतो. मालिकेच्या वाचकाची निराशा जन्माला येते ती या दोन पुस्तकांमधल्या अंतरात.

वाङ्मयेतिहासात अशा निराशेची नोंद सहसा होत नाही. आवृत्त्या, पुरस्कार, भाषांतरे आणि प्रभाव यांची नोंद होते. वाचक कोठे थबकला, कोणत्या खंडापाशी त्याने मालिका सोडून दिली आणि सोडूनही तो तिच्याविषयी वर्षानुवर्षे का बोलत राहिला, हे प्रश्न वैयक्तिक अभिरुचीच्या कक्षेतले म्हणून बाजूला पडतात. वस्तुतः निराशा हा वाचनाचाच एक प्रकार आहे. वाचकाने कलाकृतीत काय पाहिले होते, हे त्याच्या प्रशंसेपेक्षा त्याच्या तक्रारीतून अनेकदा अधिक नेमकेपणाने कळते.

विसाव्या शतकातील अमेरिकन विज्ञानकथेत या दृष्टीने फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या मालिकेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीची गणना आज या वाङ्मयप्रकाराच्या मानदंडांत होते. पण तिच्या पाठोपाठ आलेल्या जवळजवळ प्रत्येक खंडाचे स्वागत कुठल्या ना कुठल्या वाचकवर्गाच्या हिरमोडाने झाले. या हिरमोडाचा इतिहास तपासताना एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. या मालिकेचा वाचक दोनदा निराश झाला आणि दोन्ही वेळची कारणे परस्परविरुद्ध होती. पहिल्यांदा लेखकाने त्याची अपेक्षा मोडली. दुसऱ्यांदा लेखकाच्या वारसांनी ती पुरवली.

२

१९५७ साली पत्रकारितेवर उपजीविका करणारा हर्बर्ट (१९२०–१९८६) ऑरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावरील फ्लॉरेन्स या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या पाहण्यासाठी गेला. वाऱ्याबरोबर सरकत जाऊन रस्ते आणि घरे गिळणाऱ्या या वाळूला विशिष्ट जातींचे गवत लावून रोखून धरण्याचा प्रयोग अमेरिकेच्या कृषिखात्याने तेथे चालविला होता. त्या प्रयोगावरचा नियोजित लेख काही त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. परंतु त्या निमित्ताने वाळवंटे, वाळवंटात राहणारे समाज आणि अशा समाजांत उदयाला येणारे धर्मप्रवर्तक यांचा जो अभ्यास सुरू झाला, तो पुढे काही वर्षे चालला. त्याचेच फलित म्हणजे अराकिस या निर्जल ग्रहाची कल्पना होय.

कादंबरी प्रथम अवतरली ती मासिकाच्या पानांवर. जॉन कॅम्पबेलच्या संपादनाखालील 'ॲनालॉग' या मासिकात डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ या काळात 'ड्यून वर्ल्ड' आणि जानेवारी ते मे १९६५ या काळात 'द प्रॉफेट ऑफ ड्यून' अशा दोन लेखमालांतून ती क्रमशः छापली गेली. पुस्तकासाठी मात्र वीसहून अधिक प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर फिलाडेल्फियातील चिल्टन या संस्थेने ती स्वीकारली. ही संस्था मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी प्रसिद्ध होती. तेथील संपादक स्टर्लिंग लॅनियर हा स्वतः लेखक होता आणि त्याने मासिकातील मजकूर वाचलेला होता. सुरुवातीचा खप मंद असला तरी कादंबरीसाठीचे पहिलेच नेब्युला पारितोषिक या पुस्तकाला मिळाले. १९६६ सालचे ह्यूगो पारितोषिकही रॉजर झेलाझ्नीच्या कादंबरीबरोबर विभागून मिळाले. पुढच्या काही वर्षांत, विशेषतः विद्यापीठांतील तरुण वाचकांत, तिचा बोलबाला झाला. १९७० साली अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. पाण्याच्या एकेका थेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या समाजाची ही कथा त्या सुमारास उदयाला येत असलेल्या पर्यावरणविषयक जाणिवेला जवळची वाटली, यात नवल नाही.

या कादंबरीचे कथासूत्र वरवर पाहता पुरातन आहे. उमद्या सरदारघराण्याचा वारस पॉल अट्रेडीस शत्रूच्या कपटाने पिता आणि राज्य गमावतो, वाळवंटात परागंदा होतो, तेथील फ्रेमन या काटक जमातीत सामावला जातो, तिचा नेता होतो आणि शेवटी शत्रूचा निःपात करून सम्राटपदापर्यंत पोहोचतो. वनवास, अज्ञातवास, दीक्षा, विजय हा क्रम जगातल्या सर्व वीरकथांना परिचित आहे. वाचकाच्या मनात खोलवर रुजलेल्या या साच्याचा हर्बर्टने अत्यंत कौशल्याने उपयोग केला. पॉलचा विजय हा वाचकाला स्वतःचा विजय वाटतो.

त्याच कादंबरीत या विजयाविषयीचा संशयही पेरलेला आहे. आपल्या नावाने सुरू होणारे धर्मयुद्ध विश्वभर रक्तपात घडवील, हे पॉलला भविष्यदृष्टीने दिसत असते. ते टाळण्याची त्याची धडपड आणि अखेरीची हतबलता कादंबरीत वारंवार व्यक्त होते. फ्रेमनांचा तारणहारविषयक विश्वासही स्वयंभू नाही. बेनी जेझेरिट या स्त्रियांच्या गूढ संघटनेने शतकानुशतके आधी हेतुपुरस्सर पसरवलेल्या मिथकांतून तो उपजलेला आहे. वाळवंटात मरणोन्मुख झालेल्या काइन्स या ग्रहशास्त्रज्ञाला भ्रमावस्थेत पित्याचा आवाज ऐकू येतो आणि एखाद्या वीरपुरुषाच्या हाती सापडण्याइतकी भयंकर आपत्ती एखाद्या समाजावर येऊ शकत नाही, अशा आशयाचा इशारा तो आवाज देतो. हे सारे पहिल्या खंडात आहे. तथापि कथेचा वेग, शत्रूंची निर्विवाद दुष्टता आणि शेवटच्या प्रसंगाचा जल्लोष यांपुढे ही धोक्याची घंटा बहुसंख्य वाचकांना ऐकू आली नाही. मालिकेतल्या पहिल्या निराशेचे बीज येथे आहे.

३

'ड्यून मेसाया' हा दुसरा खंड १९६९ साली आला. त्याची पहिली निराशा झाली ती सामान्य वाचकाची नव्हे, तर पहिल्या खंडाला आश्रय देणाऱ्या संपादकाची. कॅम्पबेलने तो 'ॲनालॉग'मध्ये छापण्यास नकार दिला. त्याच्या मते त्याच्या मासिकाच्या वाचकाला पराक्रम करणारा नायक हवा होता. परिस्थितीच्या जाळ्यात सापडून कोसळणारा नायक नको होता. परिणामी ही कादंबरी 'गॅलक्सी' या दुसऱ्या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. कॅम्पबेल हा केवळ एक व्यक्ती म्हणून येथे महत्त्वाचा नाही. तीस वर्षांहून अधिक काळ त्याने अमेरिकन विज्ञानकथेची अभिरुची घडवली होती. त्याचा नकार हा त्या अभिरुचीचाच नकार होता.

या खंडात बारा वर्षे उलटलेली आहेत. पॉलच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मारली गेली आहेत आणि ९० ग्रह निर्जीव झाले आहेत. पॉल स्वतःची तुलना चंगीझखान आणि हिटलर यांच्याशी करतो, ती या आकड्यांच्या संदर्भात. ज्याच्या विजयाने वाचक हर्षभरित झाला होता, तो आता आपल्याच धर्मसंस्थेचा कैदी आहे. कटकारस्थाने, दरबारी संभाषणे आणि साचलेले दुःख यांनी ही आटोपशीर कादंबरी भारलेली आहे. पॉलची दृष्टी जाते, प्रिय सहचरी चानी प्रसूतीत मरण पावते आणि अंध माणसाने वाळवंटात निघून जावे या फ्रेमनांच्या रिवाजाला अनुसरून पॉल एकटाच वाळूत दिसेनासा होतो.

वाचकांच्या नाराजीचे स्वरूप येथे नीट समजून घेतले पाहिजे. ती केवळ दुःखान्ताविषयीची नाराजी नव्हती. वाळवंट, वाळूतले महाकाय कृमी, द्वंद्वयुद्धे, अनोळखी संस्कृतीचा तपशीलवार प्रत्यय अशा ज्या गोष्टींनी पहिला खंड भरलेला होता, त्यांना या खंडात फारच थोडा अवकाश मिळाला. वाचकाने दुसऱ्यांदा जो प्रवास मागितला होता, त्याच्याऐवजी त्याला पहिल्या प्रवासाचा जमाखर्च देण्यात आला. भारतीय वाचकाला ही रचना तितकी परकी वाटू नये. महाभारताची कथा युद्धपर्वांपाशी थांबत नाही. त्यांच्यानंतर स्त्रीपर्व येते आणि पुढे मौसलपर्वही येते. विजयानंतरचा शोक आणि विजेत्यांचा क्षय हा त्या महाकाव्याचा अविभाज्य भाग मानणारी परंपरा ज्याच्या पाठीशी आहे, त्याला 'ड्यून मेसाया' ही मूळ कथेची विकृती वाटण्याऐवजी तिचे उत्तरांग वाटेल. अमेरिकन मासिकाच्या वाचकापाशी मात्र त्या प्रकारच्या कथेत अशा उत्तरांगाची सवय नव्हती.

हर्बर्टने स्वतःचा पक्ष पुढे १९८० साली 'ऑम्नी' मासिकातील एका लेखात विस्ताराने मांडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पहिले तीन खंड ही मुळात एकच कल्पना होती आणि पहिला खंड पूर्ण होण्याआधीच पुढच्या दोहोंचे काही भाग लिहून झाले होते. समाज आपली निर्णयशक्ती एखाद्या लोकोत्तर नेत्याच्या स्वाधीन करतो तेव्हा काय घडते, हाच सगळ्या लेखनाचा विषय होता. नेता चांगला असला तरी त्याच्याभोवती उभी राहणारी सत्तेची यंत्रणा चांगली असेलच असे नाही. शिवाय नेत्याच्या चुकांचे परिमाण त्याच्या अनुयायांच्या संख्येने वाढत जाते. या निवेदनाच्या प्रकाशात दुसऱ्या खंडाने केलेला अपेक्षाभंग हा हेतुपूर्वक केलेला होता, असे ठरते.

तथापि लेखकाचा हेतू सिद्ध झाल्याने वाचकाची तक्रार आपोआप खोटी ठरत नाही. हर्बर्टचे स्पष्टीकरण दुसऱ्या खंडानंतर अकरा वर्षांनी आले. पहिल्या खंडात वीरकथेचे सारे आकर्षण पणाला लावायचे आणि नंतर त्या आकर्षणाला बळी पडल्याबद्दल वाचकाला शासन करायचे, ही रीत काहीशी कठोर आहे. पण नेत्याच्या मोहाचा अनुभव वाचकाला दिल्यावाचून त्या मोहाची चिकित्साही करता आली नसती. वाचक पॉलच्या मागे गेला, म्हणूनच त्याला फ्रेमनांचे पाऊल कोठे घसरले हे आतून कळू शकले. येथे वाचकाची निराशा कलाकृतीच्या बाहेर राहत नाही. ती तिच्या अर्थाचा भाग बनते. जो वाचक 'ड्यून मेसाया'मुळे अस्वस्थ झाला नाही, त्याने पहिला खंड पुरेशा उत्कटतेने वाचला नव्हता, असेही म्हणता येईल.

समीक्षक टिम ओरायली याने हर्बर्टवरील १९८१ सालच्या आपल्या पुस्तकात या मालिकेची सांगड आयझॅक ॲसिमोव्हच्या 'फाउंडेशन' मालिकेशी घातली आहे. ॲसिमोव्हच्या कथांत समाजाचे भवितव्य गणिताने ओळखणारे शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचा हिशेब चुकवणारा एक अनपेक्षित सामर्थ्यशाली पुरुष आहे. हर्बर्टने जणू त्या पुरुषालाच कथानायक केले आणि हिशेब मांडणाऱ्यांना संशयाच्या जागी ठेवले. ज्या १९६६ सालच्या संमेलनात 'ड्यून'ला ह्यूगो मिळाले, त्याच संमेलनात 'फाउंडेशन'ला सर्वकालीन श्रेष्ठ मालिकेचा ह्यूगो देण्यात आला, हा योगायोग म्हणूनच अर्थपूर्ण वाटतो. बुद्धीच्या योजनेवर विश्वास असलेली एक पिढी आणि त्या विश्वासाविषयी शंका घेणारी दुसरी पिढी एकाच व्यासपीठावर गौरवली गेली.

४

१९७६ साली आलेल्या 'चिल्ड्रन ऑफ ड्यून'ने काही काळ वाचक आणि लेखक यांच्यात समेट घडवला. कॅम्पबेलचे १९७१ मध्ये निधन झाले होते. बेन बोव्हाच्या संपादनाखालील 'ॲनालॉग'ने ही कादंबरी छापली आणि पुस्तकरूपात तिचा मोठा खप झाला. हर्बर्ट १९७२ पासून पूर्णवेळ लेखक झालेला होता. मालिका आता त्याची उपजीविकाही होती. येथून पुढे प्रत्येक खंडावर दोन दाब दिसतात : एक लेखकाच्या विचाराचा, दुसरा बाजाराच्या मागणीचा.

१९८१ सालच्या 'गॉड एम्परर ऑफ ड्यून'मध्ये हे दोन्ही दाब एकमेकांवर आदळतात. कथा एकदम ३,५०० वर्षे पुढे गेली आहे. पॉलचा पुत्र दुसरा लेटो अर्धा मानव आणि अर्धा कृमी अशा अवस्थेत जिवंत आहे आणि मानवजातीने पुन्हा कधीही एका नेत्याच्या मुठीत जाऊ नये, याचा धडा देण्यासाठी तो स्वतःच सर्वांत दीर्घ जुलूम चालवतो आहे. अराकिस हिरवा झाला आहे. वाळवंट उरले आहे ते जतन केलेल्या एका तुकड्यापुरते. पहिल्या खंडात फ्रेमनांनी पिढ्यान्‌पिढ्या जे स्वप्न पाहिले, ते येथे प्रत्यक्षात आलेले आहे आणि त्या पूर्तीबरोबरच फ्रेमन नावाची जमात नामशेष होऊन तिचे केवळ सोंग शिल्लक राहिले आहे. आशयाच्या दृष्टीने ही मालिकेतील सर्वांत धाडसी कादंबरी होय. पण तिचा मोठा भाग लेटोच्या प्रवचनवजा संभाषणांनी व्यापलेला आहे. घटनेची जागा भाष्याने घेतली, ही वाचकांची तक्रार निराधार नव्हती. पहिल्या खंडात जो विचार कृतीतून, भूगोलातून आणि रीतिरिवाजातून झिरपत होता, तो येथे थेट बोलून दाखवला जातो. पुस्तक सर्वाधिक खपाच्या यादीत गेले. मात्र कित्येक वाचकांचा प्रवासही येथेच थांबला.

१९८४ साल हर्बर्टसाठी विचित्र ठरले. फेब्रुवारीत पत्नी बेव्हर्ली हिचे दीर्घ आजारानंतर निधन झाले. 'हेरेटिक्स ऑफ ड्यून' त्याच वर्षी आले. डिसेंबरमध्ये डेव्हिड लिंचचा चित्रपट प्रदर्शित झाला आणि आर्थिक दृष्ट्या अपयशी ठरला. या चित्रपटाचा शेवट या विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात पॉलच्या सामर्थ्याने अराकिसवर पाऊस पडतो. कादंबरीत तसे काहीही घडत नाही. घडणे शक्यही नाही, कारण पॉल देव नसून देवपणाच्या सापळ्यात अडकलेला माणूस आहे. वाचकाच्या मनातले पुस्तक कसे होते, ते या एका दृश्याने पडद्यावर आणले.

१९८५ साली 'चॅप्टरहाऊस : ड्यून' हा सहावा खंड आला. पत्नीला वाहिलेल्या हृद्य स्मृतिलेखाने तो संपतो. कथा मात्र संपत नाही. एक नौका अज्ञात अवकाशात निघून जाते, एका अनामिक शत्रूची चाहूल लागलेली असते आणि बागेत काम करणारे एक वृद्ध जोडपे दुरून हे सारे पाहत असल्याचे सूचित होते. ११ फेब्रुवारी १९८६ रोजी कर्करोगावरील उपचारांनंतर विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे हर्बर्टचा मृत्यू झाला. सातवा खंड लिहिला गेला नाही. येथवरच्या निराशा जिवंत लेखकाशी चाललेल्या भांडणासारख्या होत्या. आता भांडायला समोर कोणी उरले नाही. वाचकाच्या मनातल्या पुढच्या खंडाला तेरा वर्षे कोणतेही प्रत्यक्ष पुस्तक आव्हान देणार नव्हते.

५

१९९९ मध्ये हर्बर्टचा पुत्र ब्रायन हर्बर्ट आणि कादंबरीकार केव्हिन अँडरसन यांनी 'हाऊस अट्रेडीस' या कादंबरीने मालिका पुन्हा सुरू केली. पूर्वकथेचे हे त्रिखंड २००१ मध्ये पुरे झाले. पाठोपाठ २००२ ते २००४ या काळात मूळ कथेच्या दहा सहस्र वर्षे आधीच्या यंत्रविरोधी बंडाची त्रिखंड कथा आली. बँकेच्या सुरक्षित पेटीत सापडलेल्या हर्बर्टच्या टिपणांत सातव्या खंडाचा आराखडा होता, असे या दोघांनी जाहीर केले होते. त्याचा आधार घेऊन २००६ साली 'हंटर्स ऑफ ड्यून' आणि २००७ साली 'सँडवर्म्स ऑफ ड्यून' या दोन कादंबऱ्यांनी मूळ कथेचा समारोप केला गेला. त्यानंतरही आधीच्या पोकळ्या भरणारे खंड येतच राहिले. या पुस्तकांचा खप मोठा होता. त्यांच्याविषयीची जुन्या वाचकांची निराशाही तितकीच मोठी होती.

ही निराशा आधीच्या निराशेहून जातीने भिन्न होती. वारसांनी वाचकाला हवे ते दिले. पूर्वकथेत उघडउघड दुष्ट शत्रू आहेत आणि ओळखू येणारे वीर आहेत. प्रकरणे छोटी आहेत, घटना वेगवान आहेत. समारोपाच्या खंडांत पॉल, चानी, जेसिका, लेटो अशी सारी प्रिय पात्रे पेशींपासून पुन्हा जन्माला घातली जातात. बागेतले वृद्ध जोडपे कोण, या प्रश्नाला निःसंदिग्ध उत्तर मिळते : ते म्हणजे पूर्वकथेतील ओम्नियस आणि एरॅस्मस ही विचार करणारी यंत्रे. ज्या ज्या ठिकाणी हर्बर्टने दार अर्धे उघडे ठेवले होते, ती सर्व दारे बंद झाली.

यंत्रविरोधी बंडाचे उदाहरण या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. मूळ मालिकेत त्याचे उल्लेख तुटक आहेत. पण त्यांचा रोख स्पष्ट आहे. मुक्त होण्याच्या आशेने माणसांनी आपले विचार करण्याचे काम यंत्रांवर सोपवले आणि त्यामुळे यंत्रे बाळगणाऱ्या इतर माणसांना त्यांना गुलाम करता आले, असे पहिल्या खंडाच्या आरंभीच पॉलला सांगितले जाते. येथे अपराधी माणूसच आहे. यंत्र हे त्याच्या आळसाचे आणि सत्तालोभाचे साधन आहे. वारसांच्या त्रिखंडात मात्र माणसाला प्रत्यक्ष यंत्रेच गुलाम करतात आणि एका यंत्रमानवाने एका मातेच्या बाळाचा जीव घेणे ही बंडाची ठिणगी ठरते. आत्मपरीक्षणाच्या जागी बाहेरचा शत्रू उभा राहिला. घटनाक्रमातील विसंगतींच्या याद्या वाचकांनी पुष्कळ केल्या. पण त्यांच्या अस्वस्थतेचे खरे मूळ या अंतरात होते. १९८४ साली विलिस मॅकनेली याने संपादित केलेल्या 'ड्यून एन्सायक्लोपीडिया'त या बंडाची अगदी निराळी हकिगत होती. हर्बर्टने त्या कोशाला प्रस्तावना दिली होती, मात्र उरलेल्या प्रश्नांबाबत आपले मत राखून ठेवले होते. म्हणजे लेखक हयात असताना एकाहून अधिक कल्पना सुखाने शेजारी नांदू शकत होत्या. त्याच्यामागे अधिकृत उत्तर एकच उरले.

मराठी वाचकाला परिचित असलेली 'प्रक्षेप' ही संज्ञा येथे सहज आठवते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा मूळ ग्रंथात पुढील काळात शिरलेला मजकूर वेगळा काढण्यामागे त्यांची जी दृष्टी होती, तीच दृष्टी वेगळ्या पातळीवर 'ड्यून'च्या जुन्या वाचकांनी अंगीकारली. पहिले सहा खंड तेवढे मूळ, बाकीचे उपरे, अशी सीमारेषा त्यांनी आखली. फरक एवढाच, की प्रक्षेपकार सहसा अनाम असतो आणि येथे तो हक्कदार वारस होता. कायद्याने जे अधिकृत, ते वाचनाच्या न्यायाने अधिकृत ठरेलच असे नाही, हा या वादाचा गाभा होय.

या सीमारेषेतही एक धोका आहे, हे मान्य केले पाहिजे. वारसांच्या पुस्तकांविषयी रोष व्यक्त करणाऱ्यांपैकी अनेकांनी हर्बर्टच्या हयातीत त्याच्या उत्तरार्धातील खंडांविषयीही तितकाच रोष व्यक्त केला होता. मृत्यूने लेखकाच्या दोषांवर पांघरूण घातले आणि 'गॉड एम्परर'ची दीर्घ प्रवचने पुढे गहनतेची खूण मानली जाऊ लागली. शिवाय सोप्या पूर्वकथांच्या वाटेने मूळ कादंबरीपर्यंत पोहोचलेले वाचकही आहेत. शुद्धतेचा अभिमान कधीकधी नव्या वाचकाच्या वाटेत भिंत होऊन उभा राहतो.

६

या दोन निराशा शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे मालिकेच्या वाचकाविषयीचा एक रूढ समज बदलावा लागतो. वाचकाला तेच ते हवे असते, असा प्रकाशकांचा आणि कधीकधी समीक्षकांचाही समज असतो. ॲसिमोव्हलाही हा समज भोवला. तीन दशके बाजूला ठेवलेली 'फाउंडेशन' मालिका प्रकाशकाच्या आग्रहावरून त्याने १९८२ साली पुन्हा हाती घेतली. त्या खंडाला ह्यूगो मिळाले. परंतु १९८६ च्या खंडानंतर पुढे कसे जावे हे न सुचल्याने तो मागे, पूर्वकथेकडे वळला. त्याच्या मृत्यूनंतर तीन अन्य लेखकांनी त्याच विश्वात तीन कादंबऱ्या लिहिल्या. मागणी होती म्हणून पुरवठा होत राहिला.

'ड्यून'च्या वाचकाची साक्ष मात्र वेगळी आहे. जे हवे होते ते नाकारले गेले, तेव्हा तो रागावला. पण त्या नकाराचा अर्थ लावण्यात त्याने आयुष्याची वर्षे घालवली आणि हळूहळू तो नकारच त्याला कलाकृतीचा कणा वाटू लागला. जे हवे होते ते मिळाले, तेव्हा तो पुस्तक मिटून रिकामा झाला. पहिल्या निराशेने त्याला पहिल्या खंडाकडे परत पाठवले. काइन्सच्या कानातला तो इशारा त्याला दुसऱ्या वाचनात ऐकू आला. दुसऱ्या निराशेपाशी परत जाण्यासारखे स्थळच नव्हते. साऱ्या पोकळ्या भरलेल्या घरात वाचकाला वावरायला जागा उरत नाही.

या इतिहासाचे सर्वांत अलीकडचे पर्व रुपेरी पडद्यावर घडले. डेनी व्हिलनव या दिग्दर्शकाने पहिली कादंबरी २०२१ आणि २०२४ अशा दोन चित्रपटांत सादर केली. पहिल्या खंडाचा वाचक पॉलला निखळ नायक समजला आणि त्या समजाला उत्तर म्हणून हर्बर्टने दुसरा खंड लिहिला, अशी व्हिलनवची धारणा आहे. हर्बर्टने सांगितलेल्या मूळ एकसंध योजनेशी ही धारणा पूर्णपणे जुळत नाही. पण तिने चित्रपटाचा शेवट घडवला. कादंबरीच्या अखेरीस पॉलच्या बाजूला राहणारी चानी चित्रपटात त्याच्या विजयाच्या क्षणी त्याच्यापासून दूर होते आणि एकटी वाळवंटाकडे निघून जाते. १९८४ च्या चित्रपटाने जेथे पाऊस पाडला होता, तेथे चाळीस वर्षांनी एका स्त्रीचा अविश्वास दिसला.

चानीचे हे निघून जाणे हर्बर्टने लिहिलेले नाही. ते १९६९ साली दुखावलेल्या वाचकाचे देणे आहे. त्याच्या निराशेने पुढच्या पिढीला मूळ पुस्तक कसे वाचावे हे शिकवले आणि अखेरीस ती निराशा कथेच्या आतच एका पात्राच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाने काय लिहिले याच्या नोंदी असतातच. वाचक कोठे दुखावला आणि त्या दुखावलेपणाचे त्याने पुढे काय केले, याचीही एखादी ओळ त्यांच्या शेजारी असायला हवी.